जुन्या बिनतारी यंत्राचें मोल

कोणत्याहि वस्तूची किंमत आणि तिचें मोल हीं दोन निराळीं आहेत, हें संसारी माणसास वेगळें सांगावें लागत नाहीं. किंमत दोघांच्या सौद्यांत ठरते. मोल मात्र त्या वस्तूच्या पाठीशीं जो इतिहास उभा असतो, त्यानें ठरलेलें असतें. हा भेद हौशी बिनतारीवाल्यांच्या जुन्या यंत्रांच्या बाबतींत फार ठळकपणें दिसून येतो. हौशी बिनतारीवाला म्हणजे ज्यास जगभर 'हॅम' या नांवानें ओळखतात तो. सरकारची परीक्षा देऊन व परवाना घेऊन, द्रव्यलाभाची कसलीहि अपेक्षा न धरतां, स्वतःच्या घरांतून दूरच्या माणसाशीं बिनतारी संभाषण करणारा गृहस्थ. त्याचें यंत्र हें निव्वळ नभोवाणी ऐकण्याचें साधन नव्हे. त्यांत ऐकण्याची सोय असते तशी बोलण्याचीहि असते. आणि जें यंत्र बोलतें, त्याच्या किंमतींत केवळ लोखंड, तांबें व कांच यांचा हिशेब पुरा पडत नाहीं.

पुण्यास मंगळवार पेठेच्या बाजूस बुधवारीं व रविवारीं जुना बाजार भरत आला आहे. तेथें कुलुपें, घड्याळें, पितळेचे दिवे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या शेजारीं एखादे वेळीं काळ्या अथवा हिरवट रंगाची, पुढच्या अंगास अनेक बटणें असलेली एक जड पेटी मांडलेली आढळते. अशा पेटीकडे तीन गिऱ्हाइकें तीन दृष्टींनीं पाहतात. मोडवाला ती उचलून पाहतो आणि मनांतल्या मनांत वजनाचा अंदाज घेतो. ट्रान्सफॉर्मरांत तांबें किती असेल आणि पत्रा लोखंडी आहे कीं अल्युमिनमचा, एवढेंच त्यास जाणावयाचें असतें. कारागीर झांकण काढून आंत डोकावतो. हें यंत्र पुन्हा बोलूं लागेल काय, आणि त्यास खर्च किती येईल, हा त्याचा प्रश्न. संग्राहक नांवाची पट्टी वाचतो. यंत्र कोणीं घडविलें, कोणत्या सालीं घडविलें, कोणत्या रणांगणासाठीं घडविलें, याची त्यास उत्कंठा. तराजूची किंमत, कामाची किंमत आणि स्मृतीची किंमत अशा या तीन किंमती होत. त्या कशा उत्पन्न झाल्या हें एकदां पाहिलें, म्हणजे चौथी, म्हणजे रास्त किंमत कोणती, हें उमगणें सोपें जातें.

हिंदुस्थानांत या हौसेचा आरंभ १९२१ सालीं कलकत्त्यास झाला. अमरेंद्रचंद्र गुप्तू व मुकुल बोस या दोघांनीं त्या वर्षीं परस्परांशीं बिनतारी संभाषण केलें, आणि देशांत ही वहिवाट पडली. १९२३ सालीं मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणाचे प्रयोग केले, व २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें. त्या काळीं नुसतें ऐकणाऱ्यासहि वर्षास दहा रुपये परवान्यापायीं भरावे लागत. पुढें १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा झाला. तो १ जानेवारी १९३४ पासून अंमलांत आला, आणि परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाहि गुन्हा ठरला. म्हणजे विलायतेंतला किंवा अमेरिकेंतला कारखानदार, आगबोटीचें भाडें, जकात आणि दुकानदार या चौघांच्या जोडीस यंत्राच्या किंमतींत पांचवा भागीदार आला. तो म्हणजे सरकारची अनुज्ञा. त्या दशकाच्या मध्यास साऱ्या देशांत परवानाधारक हौशी पन्नासहि नव्हते, व त्यांतील बहुतेक इंग्रज अधिकारी होते. ज्या मालास उभ्या देशांत पन्नास गिऱ्हाइकें, त्यास बाजारभाव कसा असणार? ज्यास हवें त्यानें मागवावें, आणि परवडेल तें द्यावें, एवढाच त्या काळचा व्यवहार.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि हा लहानसा व्यवहारहि थांबला. नवे परवाने देणें बंद झालें. हौशी मंडळींनीं आपलीं प्रेषकयंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करावींत, असे लेखी हुकूम सुटले. ज्या यंत्रावर एखाद्यानें वर्षानुवर्षें रात्री खर्च केल्या होत्या, तें एका कागदासरशीं घरांत ठेवण्यास अयोग्य ठरलें. राजरोस बाजारांत त्याची किंमत शून्यावर आली. परंतु याच कारणानें गुप्त कार्यांत तिला मर्यादा राहिली नाहीं.

याचा प्रत्यय तीनच वर्षांनीं आला. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं महात्मा गांधींस मुंबईंत पकडून पुण्याच्या आगाखान महालांत स्थानबद्ध करण्यांत आलें. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि चळवळीची खरी बातमी लोकांपर्यंत पोंचविण्यास वाट उरली नाहीं. तेव्हां मुंबईंत उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी या तरुण मंडळींनीं 'काँग्रेस रेडिओ' उभा केला. त्याचें प्रेषकयंत्र सिद्ध करण्याच्या कामीं नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीच्या जाणकाराची विद्या उपयोगीं पडली. साहित्याचें साहाय्य 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवाने यांजकडून झालें. ४२.३४ मीटरच्या लहरीवर देशाच्या कानाकोपऱ्यांतील वार्ता ऐकूं येऊं लागल्या. पोलिसांच्या शोधक मोटारी मागावर असल्यामुळें केंद्राची जागा पुनःपुन्हा बदलावी लागे. शेवटीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील एका इमारतींत छापा पडला. उषा मेहतांस चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनीं पुण्याच्या येरवडा तुरुंगांत भोगली, व १९४६ सालीं त्यांची मुक्तता झाली.

या प्रकरणांत जें साहित्य वापरलें गेलें, तें तारा, व्हॉल्व्ह, कंडेन्सर व स्फटिक यांपलीकडचें नव्हतें. शांततेच्या काळांत तें हौशी माणसाच्या मेजावर पडून राहिलें असतें आणि कोणीं त्याची विचारपूसहि केली नसती. काळ पालटला, आणि त्याच साहित्यापायीं माणसांनीं आयुष्याचीं वर्षें मोजून दिलीं. यंत्राची किंमत यंत्रांत नसून काळांत असते, ही गोष्ट याहून स्पष्ट होणें कठीण आहे.

युद्ध १९४५ सालीं संपलें आणि चित्र उलट्या बाजूस पालटलें. लढाईसाठीं बनविलेलें अफाट सामान हिंदुस्थानांत पडून राहिलें होतें. 'डिस्पोझलचा माल' हा शब्द त्या वेळीं घरोघर झाला. ब्लँकेटें, बूट, तंबू आणि मोटारी यांच्याबरोबर बिनतारी यंत्रेंहि लिलांवांत निघालीं. यांत रणगाड्यांत बसविण्याचा ब्रिटिश '१९ नंबरचा संच' होता. लँकेस्टर विमानांत वापरलें गेलेलें मार्कोनी पद्धतीचें 'आर ११५५' ग्राहकयंत्र व त्याचें जोडीदार 'टी ११५४' प्रेषकयंत्र होतें. अमेरिकी बाँबफेकी विमानांतील 'बीसी ३४८' होतें. लढाईच्या काळीं यांच्या घडणावळींत पैशाकडे पाहिलें गेलें नव्हतें. धक्क्यानें ढिलें होऊं नये, दमटपणानें बिघडूं नये, अंधारांत चांचपून चालवितां यावें, अशा बेतानें तीं बनलेलीं होतीं. परंतु लिलांवांत माल ढिगानें विकला जातो, आणि ढिगास घडणावळ कळत नाहीं. तराजूच्या किंमतीनें यंत्रें विकण्याची चाल या काळांत पडली, ती आजतागायत मोडलेली नाहीं.

हौशी मंडळींस मात्र या ढिगानेंच तारलें. १९४८ सालीं साऱ्या देशांत पन्नासाच्या आंतच हौशी होते, व त्यांतील प्रत्यक्ष हवेवर असणारे सुमारें डझनभर. त्याच वर्षीं १५ मे रोजीं महू येथील सैन्याच्या सिग्नल विद्यालयांत 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला. पुढें त्याचें ठाणें दिल्लीस हललें आणि १९५४ सालीं त्यास 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हें नांव मिळालें. यानंतरचीं वीस वर्षें या विद्येचा संसार प्रामुख्यानें लष्कराच्या टाकाऊ सामानावर चालला. पुण्यासारख्या शहरीं, जेथें एका अंगास लष्कर, दुसऱ्या अंगास खडकी व देहूरोड, तेथें असें सामान दृष्टीस पडणें हें नवलाचें नव्हतें. बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास व तपकीर गल्लींत विजेच्या सामानाचा व्यापार वाढला, आणि हौशी माणसास एखादा सुटा भाग चालत जाऊन आणण्याची सोय झाली.

नवें यंत्र मागवावें, तर तो मार्ग जवळजवळ बंदच होता. १९५६-५७ च्या परकी चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले. त्या काळची किंमत समजण्यास एक उदाहरण पुरेसें आहे. अमेरिकेंतील कॉलिन्स कंपनीनें १९५९ सालीं 'केडब्ल्यूएम २' हें बोलणें व ऐकणें एकाच पेटींत असलेलें यंत्र काढलें. तिकडे त्याची किंमत १,०९५ डॉलर होती, व वीज पुरविण्याचा भाग निराळा विकत घ्यावा लागे. तेव्हां डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैसे होता. म्हणजे मूळ किंमतच सुमारें ५,२०० रुपये. त्यावर भाडें व जकात चढावयाची ती निराळी. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें आणि डॉलर साडेसात रुपयांस गेला. तेव्हां त्याच १,०९५ डॉलरांचे एका रात्रींत ८,२०० रुपयांवर झाले. यंत्रांत एक खिळाहि अधिक आला नव्हता. मध्यमवर्गीय गृहस्थानें हा आंकडा वाचावा, मासिक मिटून ठेवावें, आणि लष्करी पेटींतून काढलेल्या व्हॉल्व्हांवर स्वतःच्या हातानें यंत्र बांधावयास बसावें, हेंच स्वाभाविक होतें. १९७० पर्यंत देशांतील हौशींची संख्या हजारावर गेली नाहीं, याचें एक मोठें कारण ही महागाई होय.

या टंचाईंतून एक विलक्षण गोष्ट निपजली. पुष्कळ भारतीय हौशींचीं यंत्रें विकत घेतलेलीं नव्हतींच. तीं बांधलेलीं होतीं. एका पेटींत रणगाड्याचा ट्रान्सफॉर्मर, विमानाचा कंडेन्सर, आणि स्थानिक लोहारानें वांकवून दिलेला पत्रा असे भाग एकत्र नांदत. परदेशी किंमतपुस्तकांत अशा यंत्रास जागा नाहीं. मूळ स्वरूपांत फेरफार झालेला माल म्हणून तिकडचा संग्राहक त्याची किंमत कमी धरील. इकडच्या इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर मात्र तो फेरफार हाच त्या यंत्राचा खरा दाखला होय. परदेशी तक्ता समोर ठेवून पुण्यांतील यंत्राची किंमत ठरविणाऱ्यानें हा भेद विसरूं नये.

१९८४ सालीं टंचाईची ही गांठ सुटली. राजीव गांधी हे स्वतः परवानाधारक हौशी होते. त्यांच्या कारकीर्दींत बिनतारी यंत्रांवरील आयातकर माफ झाला, आणि जपानी बनावटीचीं ट्रान्झिस्टरचीं यंत्रें येऊं लागलीं. १९८० सालीं जे हौशी सुमारें दीड हजार होते, ते २००० सालापर्यंत सुमारें दहा हजार झाले. पुढें २००३ सालीं हैदराबादच्या अशर फरहान यांनीं 'बिटएक्स' या नांवाचा एक साधा आराखडा जगासमोर ठेवला. बाजारांत सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरच्या घरीं चांगलें यंत्र बांधतां यावें, हा त्याचा हेतु होता, व तो देशोदेशीं मान्यता पावला. या सर्वांचा जुन्या यंत्रांच्या किंमतीवर झालेला परिणाम उघड आहे. त्यांच्या कामाच्या किंमतीवर एक छप्पर आलें. हलकें, स्वस्त व नवें यंत्र जें काम करतें, त्याच कामासाठीं जड, तापट व नाजूक यंत्रास कोणी अधिक पैसे कां मोजावे? म्हणून आज जुन्या यंत्राची मोठी किंमत मागणाऱ्यास ती कामाच्या नांवावर मागतां येत नाहीं. ती स्मृतीच्या नांवावर मागावी लागते. आणि स्मृतीचा बाजार तोलण्यास अधिक कठीण असतो, कारण तेथें विकणाऱ्याची स्मृति एक व घेणाऱ्याची दुसरी.

असें असतांहि किंमत ठरविण्याचे कांहीं कस आहेत, व ते कोणाहि विचारी गृहस्थास लावतां येतात. पहिला कस पूर्णतेचा. मूळ बटण, मूळ तबकडी, वीज पुरविणारा भाग, जोडणीचे केबल व माहितीपुस्तक हीं सर्व असतील तर यंत्र पुरें समजावें. '१९ नंबरचा संच' घेतांना त्याचा वीजपुरवठ्याचा भाग नसेल, तर अर्धेंच यंत्र हातीं आलें असें धरून चालावें. दुसरा कस अविकृततेचा. पुढच्या पत्र्यास नवीं भोंकें पाडलेलीं नसावींत, व रंग मूळचा असावा. अपवाद वर सांगितलाच आहे. तिसरा कस ओळखीचा. 'केडब्ल्यूएम २' या यंत्रावर पंख असलेलें चिन्ह आहे कीं वाटोळें, यावरून तें आधीचें कीं नंतरचें हें कळतें, व संग्राहक त्यांत भेद करतात. कॅनडांत बनलेल्या कित्येक '१९ नंबर' संचांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरें कोरलेलीं आहेत. तीं दोस्त रशियास पाठविण्याच्या सोयीसाठीं होतीं. अजाण विक्रेता तेवढ्यावरून तें रशियन सैन्याचें दुर्मिळ यंत्र म्हणून मोठी रक्कम मागतो, व अजाण गिऱ्हाईक ती देतो.

चवथा कस प्रकृतीचा, आणि येथेंच सर्वाधिक फसगत होते. 'घरीं लावून पाहिलें, दिवा लागला' हें विक्रेत्याचें आश्वासन फार थोड्या किंमतीचें असतें. व्हॉल्व्हाची तार तापून लाल होणें आणि यंत्र चालणें यांत मोठें अंतर आहे. कागदी कंडेन्सर जुने झाले म्हणजे गळूं लागतात. रासायनिक कंडेन्सर वाळून जातात. आणि वर्षानुवर्षें बंद असलेल्या यंत्रास एकदम वीज दिली, तर जो ट्रान्सफॉर्मर आजवर शाबूत होता तोहि जळून जातो. म्हणून जाणकार अशा यंत्राच्या वाटेंत प्रथम विजेचा एक दिवा जोडतो; दोष असेल तर तो दिवा प्रखर पेटून सूचना देतो. अमेरिकी यंत्रें साधारणपणें ११०-११७ व्होल्टवर चालतात, आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची; हें न पाहतां घातलेली एक खुंटी सारी रक्कम बुडवूं शकते. पुण्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठा पाण्यांत गेल्या होत्या. त्या आधीचें यंत्र अशा भागांतल्या घरांतून निघालें असेल, तर ट्रान्सफॉर्मराच्या पत्र्यांमध्यें गंज व सांध्यांत वाळलेला गाळ आहे काय, हें बॅटरी लावून पाहावें. युद्धकालीन कांहीं मापकांच्या अंकांवर रेडियमचा रंग दिलेला असे. तो खरवडूं नये, व असें मापक उघडूं नये.

पांचवा कस उपयोगाचा. हौशींस दिलेल्या लहरी कालांतरानें वाढल्या. १९७९ च्या जिनीव्हा परिषदेनें १०, १८ व २४ मेगाहर्ट्झचे पट्टे दिले. त्यापूर्वींच्या यंत्रांत ते बहुधा नसतात. १९६० नंतरच्या दशकांत संभाषणाची रीतहि पालटली, व एकाच बाजूची लहर पाठविण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या ग्राहकयंत्रांत ती ऐकण्यास अधिक कौशल्य लागतें. ज्यास रोज बोलावयाचें आहे, त्यानें यासाठीं किंमतींतून वजावट करावी. ज्यास केवळ जतन करावयाचें आहे, त्यानें करूं नये.

हे कस लावल्यावर हिशेब शाळेंतल्या त्रैराशिकाहून अवघड राहात नाहीं. केवळ रीत कळावी म्हणून कल्पित आंकडे घेऊं. समजा, स्वच्छ व चालू स्थितींतील एका ग्राहकयंत्रास जाणकारांत २०,००० रुपये मिळतात. समोर असलेल्या तशाच बंद यंत्राच्या दुरुस्तीस ७,००० व वाहतुकीस १,००० रुपये लागतील. अशा यंत्रांपैकीं चारांत एक दुरुस्त होत नाहीं, व मग त्याच्या सुट्या भागांचे ४,००० रुपये येतात. तर चार यंत्रांचे मिळून तीन वेळां २०,००० व एकदां ४,०००, म्हणजे ६४,००० रुपये. एकाचे सरासरी १६,०००. त्यांतून खर्चाचे ८,००० गेले, बाकी ८,००० राहिले. दुरुस्तींत जाणाऱ्या आठवड्यांचे श्रम घेणाऱ्यानें २,००० धरले, तर ६,००० रुपये ही त्याची रास्त बोली झाली. मोडवाला तेंच यंत्र वजनावर १,८०० रुपयांस उचलीत असेल, तर १,८०० च्या खालीं विकणाऱ्यानें जाऊं नये, व ८,००० च्या वर घेणाऱ्यानें जाऊं नये. मधल्या अंतरांत घासाघीस होते, ती ज्याची त्यानें करावी. जो २०,००० चा भाव ऐकून बंद यंत्रास २०,००० मागतो, त्यानें दुरुस्ती, धोका व श्रम हे तिन्ही खर्च दुसऱ्याच्या माथीं मारले, हें या बेरीज-वजाबाकीनें उघड होतें.

एक गोष्ट मात्र पैशानें भरून निघत नाहीं. प्रेषकयंत्र बाळगण्यास परवाना लागतो, हा नियम यंत्र जुनें झालें म्हणून शिथिल होत नाहीं. म्हणून घेणाऱ्यानें आपला परवाना आधीं पाहावा व विकणाऱ्याचा कागद मागून घ्यावा. कागद नसलेलें स्वस्त यंत्र हें बहुधा सर्वांत महाग पडतें.

या साऱ्या हिशेबास खरें महत्त्व येतें तें बाजारांत नव्हे, तर घरांत. हॅम मंडळींत दिवंगत सहकाऱ्यास 'मौन झालेली कळ' म्हणण्याचा प्रघात आहे. तार ठोकण्याची कळ आतां हलणार नाहीं, असा त्याचा भाव. अशी कळ ज्या घरीं मौन होते, तेथें माळ्यावर किंवा खोलीच्या कोपऱ्यांत पेट्या, तारा, वह्या व देशोदेशींचीं पोंचपत्रें राहतात. घर बदलावयाचें असतें, जुना वाडा पाडून नवी इमारत व्हावयाची असते, आणि घरांतील माणसांस त्या सामानाचें नांवहि ठाऊक नसतें. अशा वेळीं दारांत दोघे येतात. मोडवाला वजन करून रोख रक्कम ठेवतो, व संध्याकाळपर्यंत घर मोकळें करतो. दुसरा येतो तो हळहळ व्यक्त करणारा परिचित. त्यास यंत्राची खरी किंमत ठाऊक असते, आणि कित्येकदां याच कारणानें तो ती सांगत नाहीं. पहिला यंत्राचा घात करतो, दुसरा कुटुंबाचा. पहिला निदान अज्ञानानें करतो.

म्हणून अशा घरीं जाणाऱ्या जाणकाराचा धर्म स्पष्ट आहे. त्यानें आधीं यादी करावी. कोणतें यंत्र कोणतें, हें सांगावें. दुरुस्त यंत्राचा भाव व आपली वजावट दोन्ही कागदावर मांडून दाखवावीं, व नंतरच स्वतःची बोली बोलावी. संभाषणांच्या नोंदवह्या व पोंचपत्रें यंत्रापासून तोडूं नयेत. कारण यंत्राच्या जोडीचें यंत्र जगांत दुसरें सांपडेल, परंतु त्या वहीची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं.

अशा जपणुकीचा दाखला पुण्यास परका नाहीं. कवि 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपें अशा वस्तू जमविण्यास आरंभ केला. घरोघरीं जुन्या पडलेल्या व मोडींत निघण्याजोग्या अशाच या वस्तू होत्या. १९७५ सालीं तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि आज देशोदेशींचे लोक तो पाहावयास येतात. त्या वस्तूंचें पितळ तेंच होतें. फरक एवढाच कीं, मोडवाल्याच्या आधीं दुसरें कोणी तरी त्या दारीं पोंचलें, व त्यानें वजनाहून अधिक मोल केलें.

बिनतारी यंत्रांच्या बाबतींत ती वेळ अजून टळलेली नाहीं. कायद्यानें, युद्धानें, टंचाईनें आणि सुबत्तेनें त्यांची किंमत पाळीपाळीनें चढविली व उतरविली. त्या चढउतारांत विकणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा हात फारसा नव्हता. आतां मात्र ती पाळी त्या दोघांवर आली आहे. तराजूच्या भावाहून थोडें अधिक, आणि हांवेच्या भावाहून पुष्कळ कमी, अशी जी मधली रक्कम, तीच यंत्रास वांचविते आणि विकणाऱ्या घराचा मानहि राखते.